खिडकीतल्या फॅनने घर खरंच गार होतं का?

या वेळी खिडकीत बसवायच्या फॅनवरून इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकलून आज फक्त हाच विषय घेतोय. काही पत्रं लांबलचक होती, ती थोडी कापलीत, राग नसावा.

प्रश्न : नमस्कार. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट गच्ची. गेल्या महिन्यात बेडरूमच्या खिडकीत फॅन बसवून घेतला, बाहेरची हवा आत घेणारा. सकाळी उठल्यापासून फुल स्पीडवर चालू असतो, रात्री आवाजाने झोप लागत नाही म्हणून झोपताना बंद करतो. घर गार होणं राहिलं बाजूला, संध्याकाळी आधीपेक्षा जास्तच उकडतंय असं मला वाटतं. ह्यांचं म्हणणं, फॅन लहान पडतोय, मोठा आणू. मोठ्याने फरक पडेल का, की हा प्रकारच फसवा आहे?

उत्तर : ताई, फॅनला बोल लावू नका, तो बिचारा सांगितलेलं काम इमानदारीत करतोय. टाइमटेबल तेवढं उलटं झालंय. बंद ठेवायचा तेव्हा तुम्ही तो चालवताय आणि चालवायचा नेमका तेव्हाच बंद करताय.

फॅन हवा गार करत नाही, कुठलाच फॅन करत नाही. छताचा असो, टेबलावरचा असो. छताचा फॅन आपल्याला गार वाटतो कारण तो अंगावरचा घाम उडवतो, खोलीचं टेंपरेचर तो एका पॉइंटनेही खाली आणत नाही, उलट त्याची मोटर जेवढी वीज खाते तेवढी शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. खिडकीतला फॅन याहून वेगळं एक काम करतो, तो हमाली करतो. बाहेरचा माल आत, आतला माल बाहेर. आता दुपारी बाहेर ४० डिग्री आहे आणि दारं-खिडक्या लावलेल्या घरात समजा ३४, अशा वेळी फॅन लावलात तर तुम्ही ४० डिग्रीचा माल आत आणून टाकताय, तोही फुल स्पीडने. यात मोठा फॅन आणला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

पण फसवा म्हणाल तर ते मला मान्य नाही, आणि का ते हिशोबानेच सांगतो, कारण आधी मलाही हे खोटंच वाटायचं. समजा फॅन तासाला १००० घनमीटर हवा ओढतोय, मधल्या साइजचा बरा फॅन एवढं करतो. एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो, म्हणजे तासाला १२०० किलो हवा. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ५ डिग्रीने गार असेल तर एवढी हवा घरातून जवळजवळ १.७ किलोवॉट उष्णता बाहेर नेते. एक टनाचा एसी खोलीतून ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे झाला की अर्ध्या टनाचा एसी, आणि वीज किती तर ५०-६० वॉट, एखाद्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी! पण अट एकच, ते ५ डिग्री बाहेर तुमच्या बाजूने असायला पाहिजेत. ते उलट असले तर हाच फॅन १.७ किलोवॉटचा हीटर आहे, आणि तुमच्याकडे सध्या दिवसभर तो हीटर चालू आहे.

आता दुसरी गोष्ट, जी बहुतेक लोकांच्या लक्षातच येत नाही. खोलीत जी हवा असते ती बदलायला वेळच लागत नाही. ४ बाय ३ मीटरची खोली, ३ मीटर उंच, त्यात ३६ घनमीटर हवा म्हणजे ४३ किलो, आपल्या हिशोबातला खिडकीचा फॅन ती दोन-सव्वादोन मिनिटांत बदलून टाकतो. मग लोक काय करतात, रात्री दहा मिनिटं फॅन लावतात, आहाहा गार झालं म्हणतात, बंद करतात, आणि अर्ध्या तासात परत उकडायला लागतं. कारण उष्णता हवेत नव्हतीच, ती भिंतीत होती. याच खोलीची एकच ९ इंची विटांची भिंत घ्या, वजन भरतं साधारण पाच टन, आणि तिच्यात खोलीतल्या सगळ्या हवेच्या जवळजवळ शंभरपट उष्णता साठते. अशा चार भिंती, खाली फरशी, आणि तुमच्या बाबतीत वर तापलेला स्लॅब, जो दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून आत सोडत बसतो. एका भिंतीला ३ डिग्री खाली आणायचं तर हिशोबातल्या त्याच फॅनला कागदावर दोन तास लागतात, प्रत्यक्षात जास्तच, कारण भिंत आतली उष्णता सावकाश सोडते. म्हणून फॅन रात्रभर चालवायचा असतो. हवा बदलायला नाही, भिंती गार करायला.

तर तुमचं टाइमटेबल असं. दोन साधे थर्मामीटर घ्या, एक घरात, एक बाहेर सावलीत (उन्हात ठेवलात तर काहीच्या काही आकडा दाखवेल). संध्याकाळी बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की फॅन चालू, तो थेट सकाळपर्यंत, कारण सगळ्यात गार हवा पहाटे सूर्य उगवायच्या आसपास असते आणि नेमकी तीच आपण झोपेत घालवतो. सकाळी बाहेरचा आकडा आतल्याच्या बरोबरीला आला की फॅन बंद, खिडक्या बंद, उन्हाच्या बाजूचे पडदे ओढून घ्या. दुपारी बंद घरात बसायचं म्हटलं की जुनी माणसं म्हणतात गुदमरतंय, उघडा जरा खिडकी. त्यांच्याशी वाद घालू नका, दोन आकडे दाखवा. छताचा फॅन मात्र दुपारी चालू द्या, अंगाला वारा लागला की दोन-तीन डिग्रीने कमी असल्यासारखं वाटतं.

आणि आवाजाचं, त्याला एक युक्ती आहे जी मी स्वतः वापरतो. फॅन बेडरूममधून काढा आणि हॉलच्या खिडकीत तोंड बाहेर करून लावा, म्हणजे तो घरातली हवा बाहेर फेकेल. बेडरूमची खिडकी उघडी, मधलं दार उघडं, बाकीच्या सगळ्या खिडक्या बंद. आता हवा घरात येणार कुठून, तर तुमच्या उशाशी असलेल्या खिडकीतूनच. फॅन तिकडे घरघरत बसेल आणि गार हवा इकडे येईल. स्लॅबचं दुखणं मात्र फॅनने पूर्ण जाणार नाही, गच्चीला पांढरा रंग नाहीतर वर सावली, याने जो फरक पडतो तो मोठ्या फॅनने पडणार नाही हे ह्यांना सांगा.

प्रश्न : दादा, फॅन हवा आत फेकणारा लावायचा की बाहेर फेकणारा? दुकानदार एक सांगतो, वायरमन दुसरंच सांगतो.

उत्तर : दोघंही बरोबर असू शकतात, प्रश्न तुम्ही बसणार कुठे हा आहे. मेणबत्ती फुंकर मारून हातभर अंतरावरून विझवता येते, पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा बरं. नाही जमणार, कारण फेकलेली हवा एका दिशेने झोत होऊन जाते आणि ओढलेली हवा चहूबाजूंनी थोडी थोडी येते. म्हणजे तुम्हाला खिडकीसमोर बसून अंगावर झोत पाहिजे असेल तर आत फेकणारा लावा. सगळं घर गार करायचं असेल तर बाहेर फेकणारा जास्त कामाचा, कारण मग हवा कुठून आत घ्यायची हे तुम्ही ठरवता, सावलीच्या बाजूची, खालच्या मजल्यावरची, झाडाकडची जी खिडकी गार असेल ती उघडायची. दुमजली घर असेल तर बाहेर फेकणारा वरच्या मजल्यावर आणि उघडी खिडकी खाली, गरम हवा तशीही वर जाते, तिला वाटेवरच धरायचं. आणि वारा कुठून येतो तेही बघा, समोरून वारा येत असताना त्याच्याविरुद्ध बाहेर फेकायला लावलात तर फॅन नुसता झगडत राहील.

मी पहिल्यांदा लावला तेव्हा आत फेकणारा लावला आणि बरोबर खाली शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट निघाला. दोन दिवस त्यांच्याकडे काय शिजतंय ते आम्हाला आधी कळायचं.

प्रश्न : माझी भाड्याची खोली, खिडकी एकच, तीही स्लायडिंग. फॅन लावला तर उरलेली फट उघडीच राहते. उपयोग होईल का?

उत्तर : ती फट बंद केल्याशिवाय नाही होणार. फॅन बाहेर हवा फेकतो आणि तीच हवा शेजारच्या फटीतून वळून परत आत येते, खोलीला पत्ताच नाही. पुठ्ठा, थर्माकोल, प्लायवुड, जे असेल ते कापून फॅनच्या कडेने गच्च लावा. मग हवेला यायला दुसरी वाट द्या, म्हणजे दार. दार रात्री उघडं ठेवता येत नसेल तर निदान दाराखालची फट मोकळी ठेवा, दारावर झडप असेल तर ती उघडा, पण एवढ्याशा फटीतून हवा थोडीच येणार हे धरून चाला. वाट अजिबातच नसेल तर फॅन फिरतो, आवाज करतो आणि हवा काही हलत नाही, बाटलीतून हवा ओढल्यासारखं.

स्टँडफॅन घरात असेल तर नवीन घ्यायच्या आधी हे करून बघा, तो खिडकीला चिकटवून न ठेवता दोन-तीन फूट मागे ठेवा, तोंड खिडकीकडे. त्याचा झोत जाता जाता आजूबाजूची हवाही सोबत ओढून नेतो, त्यामुळे खिडकी पूर्ण उघडी असेल तर कधीकधी चिकटवलेल्यापेक्षा जास्त हवा बाहेर जाते. कागदाची बारीक पट्टी दारात धरून बघा, आत वळली तर काम चालू आहे.

आणि मच्छरांची जाळी. जाळी पाहिजेच, पण ती हवा अडवते, आणि धुळीने भरलेली जाळी तर पडद्यासारखीच. शेवटची कधी धुतली होती ते आठवा.

प्रश्न : फॅनसमोर बर्फाच्या बाटल्या ठेवल्या की एसीसारखी हवा येते असं एका व्हिडिओत पाहिलं. खरं आहे का?

उत्तर : अगदी समोर तोंड करून बसलात तर येते, थोडा वेळ. हिशोब करू. एक किलो बर्फ वितळून त्याचं पाणी २५ डिग्रीपर्यंत यायला साधारण ४४० किलोज्यूल उष्णता लागते. हे एका तासात झालं तर १२० वॉटची गारवा देणारी शक्ती. आणि नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो! म्हणजे किलोभर बर्फाने तासभर फक्त तुम्हाला स्वतःला निस्तरलं, खोली होती तिथेच. त्यात तो बर्फ तुमच्याच फ्रीजमध्ये केलाय, फ्रीजने बर्फातून काढलेली उष्णता आणि वर कॉम्प्रेसरची वीज, दोन्ही मागच्या बाजूने घरातच सोडलीय. म्हणजे एकूण घर गरमच झालं. व्हिडिओ बनवणाऱ्याने हा भाग कापला असेल. बर्फ पिण्याच्या पाण्यात टाका, जास्त कामाला येईल.

प्रश्न : आमच्याकडे हवा दमट, समुद्र जवळ. रात्री बाहेर आणि आत टेंपरेचरमध्ये एखाद-दोन डिग्रीचाच फरक. एसीही आहे. संध्याकाळी विंडो फॅन लावायचा आणि झोपताना एसी, असं चालेल का?

उत्तर : तुमच्याकडे या फॅनचा फायदा कमीच, हे सरळ सांगतो. रात्र जितकी कोरडी आणि दिवसापेक्षा जितकी जास्त गार तितका हा फॅन चालतो, जिथे रात्रीही पारा उतरत नाही तिथे हमालाकडे आणायला मालच नाही. एक-दोन डिग्रीच्या फरकात भिंती गार व्हायला रात्र पुरत नाही.

त्यात एसीची अडचण. फॅन चार तास दमट हवा आत आणतो, गाद्या, पडदे, कपाटातले कपडे ती ओल पितात, मग एसी लावला की तो आधी ती ओल काढत बसतो. हवेतलं एक लिटर पाणी गाळायला जवळपास २४०० किलोज्यूल लागतात, नळीतून टपटप जे पडतं ना ते फुकट पडत नाही. म्हणून एकतर फॅन नाहीतर एसी, त्या रात्रीपुरतं ठरवून टाका आणि दोन्ही एकदम तर कधीच नको. फॅन वापरायचाच तर घर दुपारी कोंडलेलं असतं तेव्हा संध्याकाळी १५ मिनिटं, कोंदट हवा काढून टाकायला. बाकी वेळ छताचा फॅन, कारण दमट हवेत घाम उडवायला अंगावर जोराचा वारा लागतो, तो खिडकीत नाही तर डोक्यावर पाहिजे.

प्रश्न : खिडकीत एक्झॉस्ट लावल्यापासून तो चालू असताना गॅस गिझरची ज्योत पिवळी होते आणि बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखी दिसते. काही काळजीचं नाही ना?

उत्तर : आहे. आजच्या आज दोन्ही एकत्र चालवणं बंद करा. बंद घरातून फॅन हवा बाहेर ओढतो तेव्हा तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते, आणि खिडक्या बंद असतील तर ती गिझरच्या धुराच्या नळीतून उलटी आत येते. जो धूर बाहेर जायचा तो घरात. पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाहीये, त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि मग माणूस जागच्या जागी कोसळतो. तसं काही वाटलं तर आधी सगळ्यांनी घराबाहेर मोकळ्या हवेत या, मग डॉक्टर. गिझर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय वापरू नका, गिझर बाथरूमच्या आत असेल तर बाहेर काढून घ्या, आणि गॅसवर चालणारं काहीही घरात पेटलेलं असताना एक्झॉस्ट लावायचा तर खिडकी उघडी पाहिजे म्हणजे पाहिजेच.

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची, दुपारी एकटी घरी असते. एसी नको म्हणते, फॅन पुरेसा आहे म्हणते. पुरेसा आहे का?

उत्तर : किती डिग्री आहे त्यावर. कातडीचं टेंपरेचर ३५ च्या आसपास असतं, हवा त्याच्यापेक्षा गरम झाली की फॅन अंगावर गरम वारा फेकतो आणि सगळी भिस्त घामावर राहते, आणि म्हातारपणी घाम कमी येतो, तहानही कमी लागते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की खोलीत ४० च्या वर गेलं तर फॅन वापरू नये, तो अंग आणखी तापवतो. वयस्कर माणसाच्या बाबतीत मी तर ३५-३६ च्या पुढेच सावध होईन. हातापायांवर, मानेवर ओला कपडा फिरवून मग फॅन लावला तर बराच फरक पडतो, घाम नसला तर पाणी ते काम करतं. सगळ्यात गार खोलीत बसवा, पाणी हाताशी ठेवा, दुपारी दोनदा फोन करा. बोलणं असंबद्ध वाटलं, अंग तापलंय किंवा गुंगीत आहे असं वाटलं तर फॅनचा विचार सोडा, लगेच अँब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी मारत वारा घाला. आणि खोलीत एसी असेल तर आईंशी थोडं भांडा.

प्रश्न : फॅन बाहेर फेकायला लावला, पण रात्री खडखड करतो. स्पीड कमी केला तर उपयोग राहतो का?

उत्तर : राहतो. स्पीड निम्मा केला तर हवाही निम्मी होते, पण वीज कागदावर आठव्या हिश्श्यावर येते आणि आवाज तर खूपच उतरतो. भिंती गार करायला तुमच्याकडे सगळी रात्र आहे, तेव्हा संध्याकाळी फुल आणि झोपताना निम्म्यावर, असं करा. फक्त रेग्युलेटर जुना गोल डब्याएवढा असेल तर विजेची बचत धरू नका, तो उरलेली वीज स्वतः तापून घालवतो. खडखड बहुतेक वेळा फॅनची नसते, चौकटीची असते, चालू असताना चौकट हाताने दाबून धरा, आवाज थांबला तर कडेने रबराची पट्टी घाला. नाही थांबला तर प्लग काढून पाती पुसा, एकावर जास्त धूळ आणि एकावर कमी अशी बसली की फॅन डोलायला लागतो.